चुलीला तीन दगड, गाडीला तीन पाय

जून लागला की आमच्याकडची काळी माती आधी पायाला चिकटते आणि मग मोटारसायकलला. शेतातून निघालेली गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा असा गच्च गोळा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. माणूस उतरतो, तिथेच गाडी मेन स्टँडवर चढवायला बघतो, स्टँडचे पाय मातीत रुततात आणि गाडी हळूच एका अंगाला कलते. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात गाडी उचलण्याचा पहिला धडा बहुतेकांना असा भर चिखलात मिळतो.

दुसरा धडा घरच्या अंगणात मिळतो आणि तो जास्त महाग पडतो. चेन साफ करायची, इंजिन ऑइल बदलायचं, ब्रेकचे लायनर घालायचे, बाभळीचा काटा शिरलेली ट्यूब काढायची, ही कामं अवघड नाहीत. पाने-पक्कड घरात असते, रविवार असतो, आणि मिस्तरीकडे नंबर लावून बसण्याचा कंटाळा असतो. अवघड आहे ते इतकंच, की शंभर-सव्वाशे किलोचं लोखंड दोन चाकांवर उभं असतं आणि त्यातलंच एक चाक आपल्याला काढायचं असतं.

लातूरला औसा रोडच्या बाजूला खोली करून राहत होतो तेव्हा मी हा धडा घेतला. पुढच्या ड्रमचे लायनर बदलायचे होते. स्प्लेंडर मेन स्टँडवर लावली, इंजिनाखाली दोन विटा सरकवल्या आणि एक्सल काढला. चाक हातात आलं. त्याच क्षणी वरची वीट मधोमध फुटली, गाडी पुढे बसली, हँडल गर्रकन वळलं आणि माझा अंगठा फोर्क आणि फरशी यांच्यामध्ये सापडला. नख गेलं, बाकी निभावलं. पुढे नांदेडला गेलो तेव्हा देगलूर नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या उस्तादांना ही कथा सांगितली. हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, “चूल कू पत्थर कित्ते लगते?” म्हटलं, तीन. “फिर गाडी कू दो पे कायकू छोडा?”

गाडी उचलण्याचं सगळं शास्त्र मला या दोन प्रश्नांत आजही सापडतं.

कुठलीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी राहायची तर तिला जमिनीवर निदान तीन ठिकाणी टेकावं लागतं, आणि तिच्या वजनाचा मध्य त्या तीन टेकूंमधल्या त्रिकोणाच्या आत पडावा लागतो. मोटारसायकलला चाकं दोनच. म्हणून ती उभी करायला तिसरा पाय द्यावाच लागतो. साइड स्टँडवर लावलेल्या गाडीचे तीन पाय म्हणजे पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचं टोक. मेन स्टँडवर लावली की हिशोब बदलतो: स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. दुसरं चाक हवेत असतं, ते आता पाय उरलेलं नसतं. बहुतेक गाड्यांत स्टँड गाडीच्या मध्यापेक्षा थोडा मागे बसवलेला असतो, म्हणून पुढचं चाक टेकलेलं राहतं आणि मागचं मोकळं फिरतं.

यावरून एक गोष्ट आपोआप कळते. मेन स्टँडवर मागचं चाक काढलं तर काही बिघडत नाही, कारण ते तसंही टेकलेलं नव्हतं. उलट मागचं वजन कमी होऊन गाडी पुढच्या चाकावर अधिकच घट्ट बसते. पुढचं चाक काढणं म्हणजे मात्र चुलीचा एक दगड काढणं. उरले दोन पाय, आणि दोन पायांमध्ये त्रिकोण होत नाही, नुसती रेघ होते. त्या रेघेवर गाडी तोलून राहिल्यासारखी दिसते आणि कुणी श्वास सोडला की पुढे बसते. माझ्या विटांनी तिसऱ्या दगडाचं काम करायचं होतं. पण भाजलेली वीट सपाट दाब पेलते, टोकदार दाब पेलत नाही. इंजिनाच्या तळाची एक कड विटेच्या एका रेषेवर आली, आणि वीट तिथेच दुभंगली. अंगठ्याचं नख विटेमुळे गेलं असं मी बरेच दिवस सांगत होतो. खरं तर ते हिशोबामुळे गेलं.

विटेच्या जागी लाकूड ठेवा. बाभळीचं असेल तर उत्तम. आपल्याकडे बैलगाडीला आणि औतांना बाभूळ का वापरत आले, ते एकदा ठोकळ्यावर गाडी टेकवून बघितली की कळतं. लाकूड दबतं, कुरकुरतं, मोडण्याआधी सांगतं. वीट आणि फरशीचा तुकडा काहीच सांगत नाहीत. ठोकळा ठेवायचा तोही कुठे? सायलेन्सरच्या नळीखाली नाही, ती पत्र्याची असते आणि चेपते. ऑइल काढायच्या बोल्टखालीही नाही. काही गाड्यांत चासीच्या दोन नळ्या इंजिनाला खालून कवेत घेतात. तिथे टेकू सर्वांत चांगला बसतो. ज्या गाडीत इंजिनच चासीचा खालचा भाग असतं, तिथे इंजिनाच्या तळाची रुंद, सपाट, जाड जागा शोधायची आणि ठोकळ्यावर रबराचा तुकडा टाकायचा. दुसरा उपाय गावाकडचा आहे आणि शास्त्राला धरून आहे. मागच्या कॅरिअरवर सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पोतं ठेवायचं, म्हणजे मागचं चाक जमिनीला टेकतं आणि पुढचं उचललं जातं. तीन पाय पुन्हा पूर्ण होतात. फक्त पोतं कासऱ्यानं आवळून बांधलेलं पाहिजे. ते घसरलं तर गाडी त्याच्यामागोमाग येते. पोत्याऐवजी घरातल्या पोराला सीटवर बसवणारे लोक मी पाहिले आहेत. पोरगं गोष्ट ऐकता ऐकता उतरून पळतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता स्टँडवर चढवण्याविषयी. हे काम ताकदीचं आहे असा समज पक्का आहे, आणि पाठीचं दुखणं त्यातूनच येतं. मेन स्टँड ही तरफ आहे. त्याला डाव्या बाजूला जे पाऊल ठेवायचं बोंड असतं, त्यावर अंगाचं वजन टाकायचं. हातांनी फक्त गाडी सरळ धरायची आणि मागे यायला वाट दाखवायची. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्यावर, उजवा पाय बोंडावर. पाय दाबण्याआधी गाडी किंचित डावी-उजवी हलवून बघायची. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले असतील तर हाताला ते कळतं. एकच लागलेला असेल तर गाडी पिळवटल्यासारखी होते. दोन्ही टेकले की मग सगळं वजन त्या एका पायावर. गाडी मागे आणि वर जाते, आणि एका ठिकाणी ‘टक्’ असा आवाज करून बसते.

त्या आवाजात खरी गंमत आहे. स्टँडचे पाय सरळ खाली उभे राहत नाहीत. ते उभ्या रेषेच्या थोडे पुढे जाऊन अडणीला टेकतात. त्यामुळे गाडीचं वजनच स्टँडला आणखी घट्ट दाबून धरतं. गाडी स्टँडवरून उतरवायची तर तिला पुढे ढकलून ती उभी रेषा उलट पार करावी लागते. म्हणजेच मेन स्टँडवरच्या गाडीला मागे नेणारा धक्का चालतो, खाली दाबणारा चालतो, पण पुढे ढकलणारा धक्का चालत नाही. जुन्या बुलेटला मेन स्टँडवर चढवून जोरात किक मारणारे म्हणूनच कधीमधी गाडीसह दोन पावलं पुढे जाऊन पडत.

एक्सलचा घट्ट नट सोडवताना हीच चूक आपण हाताने करतो. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर लावला की सहा किलोग्रॅम-मीटरचा पीळ तयार होतो; हा जोर तिरका पुढे गेला तर गाडी स्टँडवरून उतरायला तेवढा पुरतो. उस्तादांचं दुसरं वाक्य यासाठीच होतं: “पैले ढिल्ला कर, बाद में उठा.” नट जमिनीवर, दोन्ही चाकं टेकलेली असताना, अर्धा फेरा ढिला करून ठेवायचा. गाडी उचलल्यावर त्याला बोटांनी फिरवण्याइतकंच काम उरलं पाहिजे. परत घट्ट करतानाही तसंच: वर असताना हाताने, खाली उतरवल्यावर पान्याने. आणि उचललेल्या अवस्थेत पाना लावावाच लागला, तर जोर खाली जाईल अशा बाजूने लावा.

स्प्लेंडर ११० किलोच्या आसपास, पल्सर १५० दीडशेच्या जवळ, क्लासिक ३५० मात्र १९५ किलो. बुलेट-क्लासिकवाल्यांनी एक सोपी युक्ती करावी: मागचं चाक आधी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फळीवर चढवावं आणि मग स्टँड लावावा. स्टँड जितकं उचलतो त्यातला मोठा वाटा फळीनेच उचललेला असतो. मग पन्नास-पंचावन्न किलोची व्यक्तीही क्लासिक चढवते. पायात मात्र बूट हवेत. चपलेचा पुढचा भाग त्या बोंडावरून घसरला की नडगी थेट लोखंडावर येते. आमच्या गल्लीत या एका कारणाने जितक्या नडग्या फुटल्या तितक्या क्रिकेटने फुटल्या नसतील.

जमीन कोणती, यावर अर्धं यश ठरतं. साइड स्टँडचं टोक साधारण तीन बाय चार, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटरचं धरू. गाडी दहा-बारा अंश कललेली असली की वजनाचा चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त त्या टोकावर येतो. ११० किलोच्या गाडीत तो ३० किलो धरू. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. साठ किलोचा माणूस दोन्ही तळव्यांवर, म्हणजे सुमारे ३०० चौरस सेंटिमीटरवर उभा असतो तेव्हा हा आकडा ०.२ असतो. ज्या मातीवर आपण आरामात उभे आहोत तिथे स्टँड का रुतावा, याचं उत्तर इतकं साधं आहे: तो आपल्यापेक्षा बारापट टोचतो. आपली काळी माती तर पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा जाड पत्रा किंवा फळीचा तुकडा टोकाखाली घातला की तोच भार २२५ चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब माणसाच्या पावलापेक्षाही कमी होतो. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत मऊ झालेलं डांबरही मातीसारखंच वागतं. गाडी लावून तासाभरासाठी लग्नात जायचं आणि बाहेर येऊन ती आडवी बघायची, हा अनुभव आपल्याकडे पावसाळ्याइतकाच उन्हाळ्यातला आहे.

अंगणात शहाबादी फरशी असते. कोरडी असताना तिच्यासारखी जागा नाही, ओली असताना तिच्यासारखी फसवी नाही. त्यावर दोन थेंब ऑइल सांडलं की मेन स्टँडचे गुळगुळीत पाय बर्फावर ठेवल्यासारखे सरकतात. खाली गोणपाट किंवा जुन्या टायरचा तुकडा अंथरा. दारासमोरचा सिमेंटचा ओटा आणखी लबाड असतो, कारण पाणी नालीत जावं म्हणून तो मुद्दाम उताराचा केलेला असतो आणि रोज त्यावरून चालणाऱ्या आपल्याला तो सपाटच वाटतो. लिंबू किंवा गोटी ठेवून बघा, लगेच कळतं. उतारावरच काम करणं भाग असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असेल तर गुरुत्वाकर्षणच गाडीला पुढे, म्हणजे स्टँडवरून उतरायच्या दिशेने, ढकलत राहतं.

सर्वांत वाईट सवय अजून सांगायची आहे. चेनला ऑइल टाकायला मागचं चाक फिरायला हवं, मेन स्टँड नसतो किंवा लावायचा कंटाळा असतो, मग एक जण साइड स्टँडवरची गाडी हँडल आणि सीट धरून आपल्याकडे ओढतो. गाडी स्टँडच्या टोकावर आणि पुढच्या चाकावर येते, मागचं चाक वर जातं, दुसरा ते फिरवतो. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात हे दिसतं आणि दिसायला अगदी सहज दिसतं. पण आता तीन पाय मोजा. स्टँडचं टोक, पुढचं चाक, आणि तिसरा पाय म्हणजे ओढून धरणारा माणूस. त्याला शिंक आली तर? शिवाय ज्या एका बोल्टवर साइड स्टँड चासीला लटकलेला असतो, तो उभ्या गाडीचा थोडासा भार घेण्यासाठी केलेला आहे, निम्म्याहून जास्त गाडी उचलून धरण्यासाठी नाही. काही महिन्यांनी गाडी साइड स्टँडवर जास्तच कललेली दिसायला लागते, आणि आपण म्हणतो स्टँड झिजला. झिजला नाही, वाकला.

इथे थोडं मागे जायला हवं. आपल्या घरांत मोटारसायकलच्या आधी स्कूटर आली होती. बजाज चेतकला कंपनीचा स्टँड एकच, मधला. पंक्चर झालं तरी चिंता नसे, कारण स्टेपनी बरोबरच असायची आणि चाक एका बाजूनेच बसवलेलं असल्यामुळे नट काढून कारसारखं बदलता यायचं. आमच्या वडिलांच्या पिढीला गाडी वाकडी करून सुरू करायची सवय होती, तशी ती वाकडी टेकवून काम करायचीही होती. पुढे औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि मोटारसायकल ही मराठवाड्यातच तयार होणारी वस्तू झाली. १९९४ मध्ये हीरो होंडाची स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पल्सर. या सगळ्या गाड्यांना मेन स्टँड होता, म्हणजे कारखान्याने घरच्या दुरुस्तीची निम्मी सोय गाडीलाच जोडून दिली होती. आता ड्यूक, आर-१५ अशा गाड्या लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांतून ओळीने उभ्या दिसतात आणि त्यांना मेन स्टँडच नसतो. तो काढला की वजन वाचतं, वळणावर गाडी जास्त झुकवता येते, सायलेन्सरला जागा मिळते. पोरांना हे मान्य आहे. पण या गाडीची चेन साफ करायची तर पॅडॉक स्टँड घ्यावा लागतो, आणि तो वापरायला कुणी शिकवत नाही.

पॅडॉक स्टँड म्हणजे चाकं लावलेली लोखंडी चौकट. मागच्या चिमट्याला, म्हणजे ज्या दोन दांड्यांमध्ये मागचं चाक बसतं त्यांना, दोन्ही बाजूंना रिळासारखे बॉबिन लावतात आणि स्टँडचे आकडे त्यांच्याखाली जातात. स्टँडचा लांब दांडा खाली दाबला की मागचं चाक उचललं जातं. तरफच आहे, पण मेन स्टँडसारखी गाडीला जोडलेली नाही, म्हणून धोका सुरुवातीच्या चार-पाच सेकंदांत असतो: गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी केली आहे आणि पॅडॉक स्टँड अजून चढलेला नाही. त्या वेळी गाडीला दोनच पाय असतात. सीटच्या बाजूने एका हाताने गाडी उभी धरायची, दुसऱ्या हाताने स्टँडचा दांडा दाबायचा. पहिल्या दहा वेळा समोरच्या बाजूला दुसरा माणूस उभा हवाच. पुढचा ब्रेक जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधला की गाडी पुढे सरकत नाही. ही पट्टी पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते आणि दुकानातल्या महागड्या पट्ट्यांइतकंच काम करते. साइड स्टँड खालीच राहू द्या, लागला तर आधार. पुढचं चाकही उचलायचं असेल तर आधी मागचा स्टँड, मग पुढचा. उतरवताना आधी पुढचा, मग मागचा. बॉबिन नसलेल्या चिमट्याखाली रबरी टोकांचे आकडे लावतात. ते चालतात, पण चिमटा ओला किंवा तेलकट असेल तर घसरतात.

कारचा जॅक अनेकांच्या घरात असतो आणि मोह होतो. उचलायला तो वापरा, टेकवून ठेवायला नको. हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसतो, आणि कात्रीसारख्या जॅकचं छोटं लोखंडी डोकं मोटारसायकलच्या गोल नळीवरून घसरतं. उचलून झालं की लगेच ठोकळे आणि स्टँड लावून जॅक मोकळा करायचा. रात्रभर गाडी जॅकवर सोडून झोपायचं तर मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्या लातूर जिल्ह्याने पाहिली आणि ज्या नांदेडने मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडून आलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने सकाळी सहाला डोळे उघडले, तिथल्या माणसाला हे जास्त सांगायची गरज नसावी. अर्थात भूकंपाची वाट कशाला बघा, मांजर पुरते.

बांधून ठेवण्याला आपल्याकडे कमीपणा मानतात, ‘एवढ्याशा कामाला कशाला’ म्हणून. मला उलट वाटतं. ज्या घरात कासरा आहे त्या घरात गाडी पडायचं कारण नाही. मेन स्टँडचा आडवा दांडा पुढच्या चाकाला दोरीने ताणून बांधला की स्टँड मागे दुमडूच शकत नाही. गाडीला पुढून, मागून कसाही धक्का बसो. लांब कामासाठी हँडलपासून दोन्ही बाजूंना खांबाला किंवा खिडकीच्या गजाला दोरी ओढून घ्यावी. वासा मजबूत असेल तर वरून बांधलेली दोरी त्याहून चांगली, कारण वरून धरलेली वस्तू खाली पडत नाही, फक्त हलते. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून तिला सैल सोडू नका. टाकी पूर्ण भरलेली असताना मोठं काम काढू नये. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलो, आणि तेही गाडीच्या सर्वांत वरच्या जागी. ताडपत्रीचं कव्हर घालून स्टँडवर उभी केलेली गाडी वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते, हेही त्यातच आलं.

गाडी नीट उचलली की आणखी एक फायदा असतो, जो कमी जणांना माहीत आहे: मापं खरी येतात. इंजिन ऑइलची पातळी साइड स्टँडवर बघितली तर ती चुकीची दिसते, कारण तेल एका बाजूला जमतं. गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. बऱ्याच गाड्यांत तेलकांडी पुसून आत ठेवायची असते, आटे न फिरवता. चेनचं ढिलेपण तर उचलण्याच्या पद्धतीबरोबर बदलतं. मागचं चाक हवेत लोंबकळलं की चिमटा खाली येतो; चाक टेकलं की शॉकअप दबतो आणि चिमटा वर जातो; दोन्ही वेळा चेनचा ताण वेगळा. काही कंपन्या चेन मेन स्टँडवर मोजायला सांगतात, काही साइड स्टँडवर. शंभर ते दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हे ढिलेपण २० ते ३० मिलिमीटर असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा आणि मोजायची पद्धत मालकाच्या पुस्तकात किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असते. मिस्तरीने ताणून दिलेली चेन दोनच महिन्यांत आवाज करायला लागते, त्यामागे कधी कधी एवढंच असतं की मोजताना गाडी वेगळ्या स्टँडवर होती.

आणि चेनवरून बोटांकडे. चेन साफ करताना इंजिन बंद, चावी खिशात, गिअर न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवायचं. मागचं चाक आपोआप फिरावं म्हणून इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि फडकं चेनला धरायचं, हा प्रकार मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना करताना पाहिला आहे. फडक्याचा कोपरा चेन आणि चक्राच्या दातांमध्ये गेला की फडकं आत जातं, आणि फडकं धरलेला हात त्याच्या मागोमाग जातो. बोट सोडवायला वेळ मिळत नाही, कारण ते एका फेऱ्याचंही काम नसतं. हीच गोष्ट ॲक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरची: मेन स्टँडवर सुरू करून कुणी एक्सलरेटर पिळला की मागचं चाक जोरात फिरतं, आणि त्याच वेळी स्कूटर स्टँडवरून उतरली तर ती भिंतीपर्यंत धावते. इलेक्ट्रिक स्कूटर तर आवाजही करत नाही. ती बंद आहे की चालू, हे दिव्याकडे बघून ठरवा, कानांवर विसंबू नका. चेन धुवायला पाण्याचा पाइप लागत नाही. ज्या लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथे तरी हे पटावं. थोडं डिझेल, जुना दातांचा ब्रश आणि सुती फडकं पुरतं. ज्या चेनमध्ये रबरी रिंगा असतात तिला मात्र पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका. पुढे डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असेल तर ब्रेकच्या लिव्हरला कुणी हात लावणार नाही, याचीही काळजी घ्या. मधे डिस्क नसताना पिस्टन बाहेर येतात आणि ते परत बसवणं घरचं काम राहत नाही.

लहान मुलांना मेन स्टँडवरची गाडी म्हणजे जागेवर उभी असलेली जत्रा. हँडल धरून ती पुढे-मागे झुलतात. पुढे झुलणं म्हणजे काय, हे आता तुम्हाला माहीत आहे.

माझं मत विचाराल तर ज्याच्या गाडीला मेन स्टँड आहे त्याने पॅडॉक स्टँड, लिफ्ट वगैरेंवर पैसे घालू नयेत. बाभळीचा एक ठोकळा, एक फळी, एक कासरा आणि ट्यूबची पट्टी एवढ्यात घरची सगळी कामं निघतात. पण तो स्टँड स्वतः कधी तपासला होता, हे आठवून बघा. त्याच्या पिनेत काळी माती जाऊन बसते, बुश झिजतं, पायांची टोकं घासून चाक आता वर येतच नाही, आणि स्प्रिंग ढिली झाली की स्टँड चालत्या गाडीत खाली लोंबून डांबराला घासतो. यंदा मृगाच्या आधी एक दिवस गाडी आडव्या दोरीने नीट बांधा, खाली वाका, ती स्प्रिंग बोटाने ओढून बघा, आणि पिनेला ग्रीस भरा.